दरवाजा पाहायचा की ओलांडायचा? शहरातल्या वारसाफेऱ्यांची एक समीक्षा

या व्याख्यानमालेत आपण बहुतेक वेळा एखादा ग्रंथ घेतो आणि त्याची चिकित्सा करतो. आज हातात ग्रंथ नाही. आपल्या शहरात आणि शहरालगतच्या टेकड्यांवर चालण्याचे जे मार्ग आखले जातात, त्यांची समीक्षा करायची आहे. कुणी म्हणेल, सर, मार्गाची कसली समीक्षा? रस्ता तो रस्ता. पण बघा, मार्ग आखणारा माणूस निवड करत असतो. कुठून निघायचं, कुठे थांबायचं, काय वगळायचं, लोकांना शेवटी कुठे नेऊन सोडायचं. निवड आली म्हणजे तिच्यामागे विधान आलं. आणि विधान आलं की ते पुरेसं आहे की अपुरं, हे विचारण्याचा अधिकारही आला. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे ही खोड जात नाही.

आज आपल्याकडे चालण्याचे तीन प्रकार दिसतात. पहिला, रविवारी सकाळी निघणारी वारसाफेरी, ज्याला आपण सरळ हेरिटेज वॉक म्हणतो. दुसरा, गोगाबाबा टेकडीवर किंवा हनुमान टेकडीवर पहाटे जाणाऱ्यांचा, तब्येतीसाठीचा. तिसरा पर्यटकाचा. त्याला चालणं म्हणणं जरा धाडसाचंच आहे, कारण तो मकबऱ्याच्या वाहनतळापासून मकबऱ्याच्या चौथऱ्यापर्यंत चालतो आणि परत गाडीत बसतो. तिन्ही प्रकारांत चांगली माणसं आहेत. वारसाफेऱ्या काढणाऱ्यांबद्दल तर मला आदरच आहे. शाळेतली मुलं भडकल दरवाजाखाली उभी राहून मलिक अंबरचं नाव ऐकतात, हे त्यांच्यामुळे घडलं. आमच्या पिढीने हे केलं नाही. तरीही ज्यांच्याबद्दल आदर आहे त्यांचीच समीक्षा करावी, बाकीच्यांची करून उपयोग नसतो.

आता दरवाजांपासूनच सुरू करू. आपलं शहर बावन्न दरवाजांचं आणि बावन्न पुऱ्यांचं, हे लहानपणापासून ऐकत आलो. 1610 मध्ये मलिक अंबरने खडकी गावाच्या जागी हे नगर वसवलं. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला, आणि मुघलांना दक्षिणेत दीर्घकाळ रोखून धरलं ते त्याने. भडकल दरवाजा 1612 चा, विजयाची खूण म्हणून बांधलेला. पुढे औरंगजेबाच्या काळात तट आला, मोठे दरवाजे आले. आज तट जवळजवळ नाही. दरवाजे काही उरलेत. त्यांतल्या काहींची अलीकडे डागडुजी झाली, रात्री दिवे लागतात, छान दिसतात.

पण दरवाजाची नावं काय आहेत, हे लक्षात घ्या. दिल्ली दरवाजा. पैठण दरवाजा. जालना दरवाजा. मकाई, म्हणजे मक्केकडे तोंड करून असलेला. या नावांपैकी एकही नाव त्या जागेचं नाही. प्रत्येक नाव तिथून जिथे जायचं त्या ठिकाणाचं आहे. पैठण दरवाजा हा पैठणला जाणाऱ्या माणसाने ठेवलेला शब्द आहे. म्हणजे दरवाजा ही पाहण्याची वस्तू नव्हतीच. ती जाण्याची आणि येण्याची क्रिया होती, तिला दगडाची चौकट दिलेली. आज वारसाफेरीत आपण काय करतो? दरवाजासमोर उभे राहतो, कमान किती उंच, चुना कसा, सज्जा कुठला, हे ऐकतो, फोटो काढतो आणि पुढच्या दरवाजाकडे निघतो. बऱ्याच ठिकाणी रस्ता दरवाजाच्या बाजूने वळवलेला असतो, त्यामुळे आपणही बाजूनेच जातो. अख्खी फेरी झाली तरी दरवाजातून जाणं असं होतच नाही.

हे आपल्याच वाट्याला आलं असं नाही. इटलीतलं फ्लोरेन्स घ्या. 1865 ते 1871 या काळात ते इटलीची राजधानी होतं. तेव्हा जुझेप्पे पोज्जी नावाच्या वास्तुरचनाकाराने नदीच्या उत्तरेकडचा मध्ययुगीन तट पाडून तिथे रुंद हमरस्ते केले. दरवाजे मात्र ठेवले. परिणाम असा की ते दरवाजे आजही वाहतुकीच्या मधोमध बेटासारखे उभे आहेत. सगळीकडून गाड्या जातात, दरवाजातून कुणी जात नाही. पण नदीच्या दक्षिणेला तट काही प्रमाणात राहिला. तिथे गावातल्या गल्लीतून निघायचं, सान मिन्यातो नावाच्या छोट्या दरवाजातून बाहेर पडायचं, आणि चढण सुरू होते. वर अकराव्या शतकातलं चर्च, खाली सगळं शहर. म्हणजे एकाच शहरात दोन्ही उदाहरणं आहेत: उत्तरेला दरवाजा स्मारक झाला, दक्षिणेला दरवाजा अजून दरवाजाच आहे, कारण त्याच्या पलीकडे जायला काहीतरी आहे. आपल्यालाही हाच प्रश्न विचारायचा आहे. आपल्या दरवाजांच्या पलीकडे काय आहे, आणि तिथवर पायी जाता येतं का?

येतं. आणि इथे मला नागसेनवनाकडे वळायचं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये इथे महाविद्यालय सुरू केलं, पुढे त्याला मिलिंद नाव मिळालं आणि परिसराला नागसेनवन. ही नावं ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातली. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, नागसेन म्हणजे त्याच्या प्रश्नांना उत्तरं देणारा भिक्खू. त्यातला रथाचा संवाद तत्त्वज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो. चाक म्हणजे रथ का? नाही. आस म्हणजे रथ का? नाही. जू, दांडी, लगाम, यांतलं काहीच रथ नाही, आणि हे सगळं सोडून वेगळाही रथ नाही. पण हा संवाद सुरू कसा होतो, याकडे आपलं लक्ष जात नाही. नागसेन आधी राजाला विचारतो की तू इथवर पायी आलास की वाहनाने? राजा सांगतो की मी पायी येत नाही, रथाने आलो. तिथून मग, हा रथ म्हणजे काय ते सांग पाहू, असं पुढे जातं. म्हणजे सगळा युक्तिवाद उभा आहे तो न चालणाऱ्या राजावर.

हाच युक्तिवाद शहराला लावून बघा. भडकल दरवाजा म्हणजे शहर का? मकबरा म्हणजे शहर का? पाणचक्की, जामा मशीद, संस्थान गणपती, शहागंजचा घड्याळाचा मनोरा, यांतलं एकेक शहर नाही. आपली वारसाफेरी चाक दाखवते, आस दाखवते, दांडी दाखवते, आणि रथ दाखवला असं म्हणते. रथ असतो तो भागांच्या परस्परसंबंधात. वाटेची समीक्षा करायची ती याच कसोटीवर: दोन ठिकाणांच्या मधलं जे आहे, त्याबद्दल ही वाट काही बोलते का? की मधला भाग म्हणजे नुसतं पुढच्या थांब्यापर्यंतचं अंतर?

आता टेकडीकडे येऊ. पहाटे गोगाबाबा टेकडीवर जाणारे शेकडो लोक आहेत. वर पांढरं छोटं मंदिर, समोर विद्यापीठ, पलीकडे मकबऱ्याचे मिनार आणि मग पसरलेलं शहर. मिशेल द सेर्तो या फ्रेंच विचारवंताचा शहरातल्या चालण्यावर एक प्रसिद्ध निबंध आहे. तो न्यूयॉर्कच्या एका गगनचुंबी इमारतीच्या एकशे दहाव्या मजल्यावरून सुरू होतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की वरून पाहणाऱ्याला शहर वाचता येतं, नकाशासारखं. पण खाली चालणारे लोक ते शहर पावलांनी लिहीत असतात, आणि त्यांना ते असं एकत्र दिसत नाही. आपला टेकडीवरचा माणूस वरून शहर वाचतो, हात लांबवून ते बघा सिडको, ती बघा छावणी, असं सांगतो आणि गाडीला किक मारून घरी जातो. जे वरून वाचलं, त्यातली एक ओळही पायांनी लिहीत नाही. अनेकांची सिडकोत हयात गेली, पण बेगमपुऱ्यातून कधी पायी गेलेले नाहीत. सिडकोची वस्ती 1970 च्या दशकापासून वाढली, म्हणजे आता तिथे तिसरी पिढी आहे. जुन्या शहराबद्दल या पिढीला जे कळतं ते बातम्यांतून कळतं. आणि बातमी केव्हा येते, तुम्हाला माहीत आहे.

म्हणूनच मला हा विषय फावल्या वेळेचा वाटत नाही. 2011 च्या जनगणनेत आपल्या शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती. आता त्याहून बरीच जास्त असणार. इतक्या लोकांच्या शहरात अर्धे लोक उरलेल्या अर्ध्यांच्या गल्लीत कधी पाऊल टाकत नसतील, तर शहराच्या नावावरून कितीही वाद घालू, नेमकं कशाचं नाव ठेवतोय हे आपल्याला ठाऊक नसेल. या जागेने खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर अशी नावं पाहिली. पुऱ्यांची नावंही बघा: करणपुरा, पदमपुरा, जयसिंगपुरा, पहाडसिंगपुरा. ही राजस्थान आणि बुंदेलखंडातून आलेल्या सरदारांची नावं, मुघल छावणीबरोबर आलेली. करणपुऱ्यात नवरात्राच्या यात्रेला सगळं शहर लोटतं. ही नावं जोडणारी वाट एकदा तरी पायाखालून गेली, तर इतिहास कुणा एकाच्या मालकीचा नाही हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मग चांगली वाट कशी असते? मला सुचणारी एक वाट सांगतो आणि तिचीही चिकित्सा तुम्ही करा. भडकल दरवाजापासून निघावं. तिथे मलिक अंबरची कमान आहे आणि बाबासाहेबांचा पुतळाही आहे. दोन्ही एका नजरेत बसतात, आणि जन्माने लादलेली पायरी नाकारणारी दोन माणसं एकाच चौकात का, एवढा प्रश्न घेऊन पुढे निघावं. तिथून पाणचक्की. तिथे दळणाचं जातं पाहून लोक परततात. खरं म्हणजे तिथे पाण्याची दिशा पाहायला हवी. पाणी उत्तरेच्या टेकड्यांतून जमिनीखालच्या नळांतून येतं, भिंतीत वर चढवलेलं असतं, आणि तिथून हौदात पडतं. त्या मोठ्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत. उन्हाळ्यात त्या दालनात बसलं म्हणजे त्या काळातल्या माणसाला उष्णतेबद्दल काय कळत होतं, ते आपल्या कातडीला कळतं. मलिक अंबरची नहर-ए-अंबरी ही वेगळी, त्याआधीची. या नहरी म्हणजे टेकडी आणि शहर यांना जोडणारी, कुणीतरी आधीच आखून ठेवलेली वाट. टेकडीवर पाऊस पडतो, जमिनीत मुरतो, आणि गावातल्या हौदात वर येतो. वारसाफेरीत टेकडी नसते, टेकडीवरच्या फेरीत शहर नसतं. पाण्याला मात्र असा भेद करणं परवडलं नाही.

पाणचक्कीहून नागसेनवन, तिथून विद्यापीठाचं प्रवेशद्वार. हे द्वार बावन्नात मोजलं जात नाही, पण या शहरात लोकांनी चालत येऊन ज्या दरवाजाला अर्थ दिला, असा दरवाजा मला हाच दिसतो. 1958 मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. 1978 मध्ये विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात हिंसाचार उसळला, दलित वस्त्या जळाल्या. 1979 मध्ये नागपूरहून इकडे लाँग मार्च निघाला, लोक शेकडो मैलांची वाट पायी चालायला निघाले. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. आजही दर 14 जानेवारीला त्या द्वारासमोर गावोगावचे लोक येतात. आणि ज्यांना आपण शहराचे मार्ग म्हणतो, त्या वारसाफेऱ्यांत हे द्वार सहसा नसतं. का नसतं? जुनं नाही म्हणून? मग वारसा म्हणजे फक्त मेलेल्यांचा का? हा प्रश्न मी रागाने विचारत नाही, पण उत्तर हवं आहे.

पुढे सोनेरी महाल, आणि मग लेणी. तिसऱ्या गटातली अपुरी लेणी सोडली तर बाकीची दोन गटांत, एकमेकांपासून किलोमीटरभर अंतरावर. बरीचशी सहाव्या-सातव्या शतकातली, चौथं लेणं चैत्य, ते याहून जुनं. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराचं शिल्प आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ संकटं कोरलेली आहेत: आग, तलवार उपसलेला शत्रू, बेड्या, बुडणारं जहाज, सिंह, साप, हत्ती, मृत्यू. मार्गदर्शक सांगतात की हे उत्कृष्ट शिल्प आहे. आहेच. पण ही यादी कुणाची आहे? घरी बसलेल्या माणसाची नाही. ही वाटसरूची यादी आहे, व्यापारी तांड्यांबरोबर जाणाऱ्याची. खालून चालत आलेल्या, दम लागलेल्या, घाम पुसणाऱ्या माणसाला ती ज्या तऱ्हेने समजेल, त्या तऱ्हेने गाडीतून उतरलेल्याला समजणार नाही. शरीर हेही वाचनाचं साधन आहे, असं मी म्हणतो ते या अर्थाने.

परतताना पहाडसिंगपुरा, मकबरा, बेगमपुरा, आणि मकाई दरवाजातून खाम नदी ओलांडून शहरात. लक्षात घ्या, मकबरा इथे शेवटाकडे येतो, आणि मागच्या बाजूने, टेकडी उतरून. ताजमहालाची नक्कल की नाही, ही जी कंटाळवाणी चर्चा असते, ती या दिशेने आल्यावर सुचतच नाही. कारण वरून पाहताना तो एकटा दिसत नाही, तो टेकडी आणि नदी यांच्यामध्ये मांडलेला दिसतो.

वाटेचं वर्णन कसं करावं, याचा नमुनाही आपल्याच भाषेत आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’. चौदाव्या शतकातला मराठी गद्यग्रंथ. चक्रधरस्वामी जिथे जिथे गेले, थांबले, त्या स्थानांची नोंद त्यात आहे: कोणत्या गावात, कोणत्या दिशेला, देवळाचं दार कुठे, आसन त्याच्या कोणत्या बाजूला. मोठमोठी विशेषणं नाहीत. चालणाऱ्याला जागा सापडावी, एवढाच हेतू. आपल्या आजच्या माहितीपत्रकांत भव्य, दिव्य, ऐतिहासिक हे शब्द भरपूर असतात आणि डावीकडे वळायचं की उजवीकडे ते नसतं. सातशे वर्षांत गद्य पुढे गेलं की मागे, तुम्हीच ठरवा.

आता आक्षेप. पहिला, ऊन. खरा आक्षेप आहे. बोलोन्या या इटालियन शहराने तो कसा सोडवला, ते ऐकण्यासारखं आहे. तिथे 1288 च्या नगरनियमाने नव्या घरांना रस्त्याच्या बाजूने कमानींची ओसरी काढणं बंधनकारक केलं. जागा घरमालकाची, देखभालही त्याचीच, पण त्याखालून जाण्याचा हक्क सगळ्यांचा. आज शहरभर अशा साठ किलोमीटरहून अधिक ओसऱ्या आहेत. तिथल्या टेकडीवरच्या सान लुका देवळापर्यंतही 666 कमानींची ओसरी गेली आहे, जवळपास पावणेचार किलोमीटर, ऊनपावसात यात्रेकरूंना त्रास होऊ नये म्हणून. अरिस्टॉटलच्या पंथाचं ग्रीक नावही त्याच्या शाळेतल्या अशाच चालण्याच्या जागेवरून आलं. आपल्याकडे नियम उलटा दिसतो: सार्वजनिक पदपथ, आणि त्यावर खाजगी पायऱ्या, जनरेटर, गाड्या. कमानी बांधा असं मी म्हणत नाही. भडकल ते विद्यापीठ सलग कडुलिंबाची सावली आणि चार ठिकाणी पाण्याचे रांजण, एवढं झालं तरी पुष्कळ झालं.

दुसरा आक्षेप माझ्या एका विद्यार्थिनीने घेतला, आणि तो पहिल्यापेक्षा जड आहे. ती म्हणाली, सर, लेण्यांच्या दोन गटांमधल्या त्या वाटेवर दुपारी मी एकटी जाऊ शकत नाही. तुमची वाट पुरुषांची आहे. याला तत्त्वज्ञानात उत्तर नाही. उत्तर एकच, वाटेवर माणसं असणं. निर्जन वाट भीतीदायक राहते आणि भीतीमुळे निर्जनच राहते. हे चक्र तोडायचं तर एका रविवारची फेरी पुरत नाही, रोजची वर्दळ लागते.

तिसरा आक्षेप, पुऱ्यांत राहणाऱ्यांचा. पन्नास माणसं कॅमेरे घेऊन गल्लीत येतात, आमच्या दारांचे फोटो काढतात, आमच्याशी बोलत नाहीत. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. घर पाहायला येणारा आणि घरी येणारा, यांत फरक असतो. गल्लीतल्या हॉटेलात बसून चहा प्यावा, चार शब्द बोलावेत, दहाच माणसं न्यावीत आणि पुढच्या महिन्यात त्याच गल्लीत पुन्हा जावं. पुन्हा जाणं महत्त्वाचं. एकदा गेलात तर तुम्ही प्रेक्षक.

तेव्हा माझं म्हणणं असं. कोणतीही आखलेली वाट समोर आली की चार प्रश्न विचारा. ही वाट दोन ठिकाणांच्या मधल्या जागेबद्दल काही सांगते का? ती टेकडी आणि शहर जोडते का, की तोडते? तिच्यावर राहणारी माणसं तिच्यात आहेत का? आणि ती चालून आल्यावर माझ्या रोजच्या जाण्यायेण्यात काही बदलतं का? चौथ्या प्रश्नाचं उत्तर नाही असेल, तर बाकी तिन्हींना हो असूनही ती वाट अपुरी आहे असं मी म्हणेन.

इथे थांबतो. प्रश्न घेऊ. आणि एक विचारून ठेवतो: आज या सभागृहात पायी आलेले किती जण आहेत, त्यांनी हात वर करा.